विजेचा हिशेब नव्या पाटीवर

महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत कपाटाच्या वरच्या फळीवर स्पायरल बाइंडिंग केलेला एक जाडजूड अहवाल धूळ खात पडलेला आढळतो. मुखपृष्ठावर संस्थेच्या इमारतीचे रंगीत छायाचित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'ऊर्जा परीक्षण अहवाल' असे शब्द. 'नॅक'ची समिती येणार म्हणून तो करवून घेतलेला असतो. समिती येते, पाहते, जाते. अहवालात सुचविलेले बदल मात्र पान क्रमांक ४२ वरच राहतात आणि महिनाअखेरीस येणारे वीज बिल तेवढेच्या तेवढे येत राहते. यात संस्थाचालकांची सारीच चूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहवाल हाती पडेपर्यंत चार महिने उलटलेले असतात, त्यातील निम्मी पाने प्रस्तावनेची असतात आणि नेमक्या कोणत्या खोलीतील कोणते उपकरण बदलावे हे शोधू गेल्यास सापडत नाही.

ऊर्जा परीक्षण ही कल्पना वाईट नाही; उलट ती अत्यंत शहाणपणाची आहे. ज्याप्रमाणे संस्थेच्या पैशाचे दरवर्षी लेखापरीक्षण होते, त्याचप्रमाणे तिच्या विजेचेही व्हावे, हा विचार या देशात कायद्याच्या रूपाने आला तो अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या काळात. 'ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१' संसदेने संमत केला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो अस्तित्वात आला. ब्युरोने आपल्या कामाचा आरंभ राजधानीतूनच केला, हे लक्षणीय आहे. राष्ट्रपती भवन, पंतप्रधान कार्यालय, श्रमशक्ती भवन अशा वास्तूंचे परीक्षण प्रथम झाले आणि या शासकीय इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी पाव हिस्सा वा त्याहूनही अधिक वाचविता येईल, असे निष्पन्न झाले. लोकांना उपदेश करण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी स्वतःच्या घराचा हिशेब मांडावा, ही रीत आजही अनुकरणीय आहे.

पुढे २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली गेली, २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' आली आणि २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा निवासी इमारतींपर्यंत वाढली. परंतु या साऱ्याचा उंबरठा १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी हा आहे. राज्य सरकारांना तो खाली आणण्याची मुभा आहे, ही गोष्ट वेगळी. मोठे कारखाने आणि कायद्याने निर्देशित केलेले अन्य मोठे ग्राहक यांना मान्यताप्राप्त परीक्षकाकडून ठरावीक मुदतीने परीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. त्याखालच्या असंख्य वास्तूंचे काय? तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळा, वनवासी विद्यार्थ्यांचे वसतिगृह, पन्नास खाटांचे धर्मादाय रुग्णालय, मंगल कार्यालय, साठ सदनिकांची गृहनिर्माण संस्था, देवस्थानाचे भक्तनिवास यांच्याकडे कोणी फिरकत नाही. कारण उघड आहे. परीक्षणाची फी आणि त्यातून होणारी बचत यांचा मेळ लहान इमारतीत बसत नाही. मोठ्या कारखान्यात परीक्षकाचे शुल्क एका महिन्याच्या बचतीत निघते, शाळेत ते वसूल व्हायला वर्षे लागतात.

प्रश्नाची गाठ नेमकी येथे आहे आणि ती सोडवायची तर परीक्षणाचा खर्च होतो कशावर, हे आधी पाहिले पाहिजे.

काम कसे चालते?

परीक्षक प्रथम मागील बारा महिन्यांची, शक्य असल्यास दोन-तीन वर्षांची वीज बिले मागवितो. त्यातून मंजूर भार, करार मागणी, नोंदली गेलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर, मागणी आकार यांचे चित्र उभे राहते. गंमत अशी की, काही संस्थांत पहिली बचत या कागदांतच सापडते. एखाद्या संस्थेने वीस वर्षांपूर्वी विस्ताराच्या स्वप्नात करार मागणी वाढवून घेतलेली असते, विस्तार झालेला नसतो. प्रत्यक्ष मागणी त्याच्या निम्मीही जात नाही आणि मागणी आकार मात्र करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली उतरत नाही. येथे एक अर्ज केला तरी पैसे वाचतात, दिवा एकही बदलावा लागत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी. प्रत्येक मजला, प्रत्येक खोली. पंखे किती, नळ्या किती, त्यांना जुना तांब्याचा चोक आहे की नवा इलेक्ट्रॉनिक, वातानुकूलन यंत्र किती टनांचे, किती ताऱ्यांचे, कोणत्या वर्षीचे, रोज किती तास चालते. क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजायचा, लक्स मीटरने फळ्यावरचा उजेड मोजायचा, पंपाची नामपट्टी वाचायची आणि टाकी भरायला लागणारा वेळ घड्याळात पाहायचा. हे सारे परीक्षकाचा साहाय्यक कागदावर लिहितो. शंभर खोल्यांच्या इमारतीत असे शेकडो कागद होतात. छायाचित्रे मोबाइलमध्ये, आकडे वहीत, नकाशा तिसरीकडे. कार्यालयात परतल्यावर कोणीतरी हे सारे संगणकावर पुन्हा उतरवितो. मग लक्षात येते की, दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेची नोंदच नाही, किंवा '१५ किलोवॅट' लिहिले आहे ते '१.५' असावे. पुन्हा प्रवास, पुन्हा वॉचमन शोधणे, पुन्हा किल्ल्या. प्रमाणित परीक्षकाच्या ज्ञानासाठी म्हणून जे पैसे दिले जातात, त्यांतील मोठा वाटा असा कारकुनीत जातो.

टॅबलेटवरील संगणक प्रणाली हा कारकुनी भाग गिळून टाकते. तिचे महत्त्व एवढेच आहे आणि ते थोडके नाही. पाहणी करणारा तरुण खोलीत उभा राहून नकाशावर त्या खोलीला बोट लावतो, तयार यादीतून 'छताचा पंखा' निवडतो, संख्या आणि तास भरतो, पंपाच्या नामपट्टीचे छायाचित्र घेतो आणि ते छायाचित्र त्याच पंपाच्या नोंदीला कायमचे चिकटते. एकसारख्या वीस वर्गखोल्या असतील तर एकदा भरून वीसदा लावता येते. दीड टनाच्या यंत्रापुढे कोणी पंधरा किलोवॅट लिहिले तर पडदा लगेच विचारतो, हे बरोबर आहे काय? इंटरनेट नसले तरी नोंद टॅबलेटमध्ये राहते आणि जाळे मिळाले की वर जाते. तळघरातील पंपगृहात काम करणाऱ्याला याचे मोल समजते.

तथापि खरा लाभ वेळेच्या बचतीहून वेगळा आहे. खोल्यांतून जमा झालेल्या उपकरणांचा एकत्रित वापर आणि बिलावरील प्रत्यक्ष युनिट यांचा ताळा इमारत सोडण्यापूर्वीच जुळविता येतो. समजा, नोंदींवरून महिन्याला साडेसहा हजार युनिट होतात आणि बिल मात्र नऊ हजारांचे आहे. मधले अडीच हजार गेले कोठे? रात्रभर चालणारा पंप, सुटीतही बंद न होणारे शीतकपाट, शेजारच्या दुकानाला कधीकाळी सौजन्याने दिलेली जोडणी, की चुकीचा मीटर? वहीच्या पद्धतीत हा प्रश्न महिन्यानंतर कार्यालयात पडतो आणि तेव्हा अंदाजाने 'इतर' असा रकाना भरून वेळ मारून नेली जाते. येथे तो प्रश्न जागेवर पडतो आणि वायरमनला हाक मारून तेथल्या तेथे तपासता येतो. परीक्षण स्वस्त झाल्याने दर्जा घसरेल, ही भीती निदान या एका बाबतीत तरी खरी नाही. येथे स्वस्ताई आणि अचूकता एकाच कारणाने वाढतात.

तासांचा हिशेब

नोंद किती सूक्ष्म असावी, याचे उत्तर एका साध्या पंख्यात आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, 'बीएलडीसी' प्रकारचा नवा पंखा सुमारे ३०. प्रत्येक पंख्यामागे ४५ वॅट वाचतात, हे आता प्रत्येक जाहिरात सांगते. समजा, एका शाळेत १६० पंखे आहेत. बचत ७.२ किलोवॅट. शाळा दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस भरली, तर पंखे १,३२० तास चालतात आणि सुमारे ९,५०० युनिट वाचतात. दहा रुपये दराने पंचाण्णव हजार रुपये. पंखा २,८०० रुपयांना धरला तर एकूण खर्च ४ लाख ४८ हजार, म्हणजे पैसे निघायला जवळपास पावणेपाच वर्षे. आता हेच १६० पंखे त्याच संस्थेच्या वसतिगृहात आहेत असे धरा. तेथे ते दिवसाला सोळा तास आणि वर्षाला अडीचशे दिवस फिरतात. तास झाले ४,०००, युनिट वाचले २८,८००, रुपये २ लाख ८८ हजार. तोच खर्च दीड वर्षाच्या आसपास भरून निघतो.

पंखा तोच, संस्था तीच, देणगीदारही तेच. निर्णय मात्र वेगळा. प्रथम वसतिगृह, मग शाळा. ज्या अहवालात 'सर्व जुने पंखे बदलावेत' असे एक वाक्य असते, तो अहवाल संस्थेच्या कोषाध्यक्षाला काहीच सांगत नाही. तासांची नोंद खोलीनिहाय हवी आणि ती वसतिगृहाच्या रेक्टरला किंवा शिपायाला विचारून करायला हवी. मुख्याध्यापकांच्या दालनात बसून चहाबरोबर घेतलेल्या अंदाजातून ती होत नाही.

सौर पॅनेलच्या बाबतीतही हाच क्रम लागू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने छतावरील सौरवीज मध्यमवर्गीय घरापर्यंत आणली, तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य दिले, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरालाही त्यात स्थान दिले. ही योजना स्तुत्य आहे. परंतु गळक्या घागरीत पाणी भरणाऱ्याला विहीर जवळ आणून दिली म्हणून घागर गळायची थांबत नाही. आधी गळती मोजावी, बुजवावी, मग उरलेल्या गरजेपुरतेच पॅनेल लावावे. संच लहान पुरतो, छतही मोकळे राहते. विक्रेता हा सल्ला देणार नाही, कारण त्याचे उत्पन्न संचाच्या आकारावर आहे.

अमेरिकेतून काय घ्यावे?

परीक्षणाच्या संगणकीकरणात अमेरिकेने बरीच मजल मारली आहे. न्यूयॉर्क शहराने २००९ च्या स्थानिक कायद्याने पन्नास हजार चौरस फुटांवरील इमारतींना दहा वर्षांतून एकदा ऊर्जा परीक्षण बंधनकारक केले. कोलोरॅडोतील राष्ट्रीय पुनर्नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने एका स्थानिक कंपनीच्या साथीने 'सिम्युवॅट' नावाची टॅबलेट प्रणाली विकसित केली. तिची चाचणी संरक्षण खात्याच्या इमारतींवर झाली, कारण त्या खात्याकडे इमारतींचा पसारा अफाट. टॅबलेटवर भरलेल्या नोंदींतूनच इमारतीची संगणकीय प्रतिकृती उभी करायची आणि कोणता बदल केल्यास किती ऊर्जा वाचेल हे तिच्यावर पडताळायचे, अशी तिची रचना. यामागील 'एनर्जीप्लस' ही गणनप्रणाली अमेरिकी ऊर्जा खात्याने सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे. गणिताला देश नसतो. ते घेण्यात संकोच नको.

मात्र गणित घेणे आणि गोळा केलेली माहिती परक्याच्या हवाली करणे यांत अंतर आहे. ऊर्जा परीक्षणात काय काय नोंदले जाते, याचा विचार सहसा होत नाही. इमारतीचा नकाशा, विद्युत पुरवठ्याचा प्रवेशबिंदू, जनित्राची क्षमता, शस्त्रक्रियागृहाचा भार, कोणत्या वेळी इमारत रिकामी असते. एका शाळेचे हे तपशील क्षुल्लक, पण राज्यातील सर्व शासकीय कार्यालये, रुग्णालये आणि जलशुद्धीकरण केंद्रे यांचे तपशील एकत्र झाले तर ते क्षुल्लक राहत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई काही तास अंधारात गेली. त्यामागे सायबर हल्ला असावा अशी शंका राज्यात व्यक्त झाली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. खरे काहीही असो, विद्युत व्यवस्थेची माहिती ही सुरक्षेची बाब आहे, एवढा बोध त्या दिवसाने दिला. म्हणून प्रणाली येथे घडावी, माहिती येथील सर्व्हरवर राहावी, भाषा मराठीसह सर्व भारतीय भाषांची असावी. ज्या देशाने 'यूपीआय' उभे केले आणि 'कोविन'वर दोनशे कोटींहून अधिक लसमात्रांची नोंद ठेवली, त्याला हे कठीण नाही. येथील यादीत 'हीटिंग बॉयलर' कशाला? तिथे छताचा पंखा हवा, कूलर हवा, पाण्याचा पंप हवा, इन्व्हर्टर हवा आणि पत्र्याचे छपरही हवे.

यंत्रामागे यंत्रणा नसेल तर काय होते, याचे उदाहरण जुने नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी मोठ्या गाजावाजाने 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर झाला. त्यावर करायचे काय, हे ठरण्याआधीच तो विस्मरणात गेला. त्याच वर्षी सामाजिक-आर्थिक जनगणनेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले साधे टॅबलेट गणकांच्या हाती देऊन खेडोपाडी घरोघर नोंदी घेतल्या गेल्या. तेथे प्रश्नावली आधी होती, उपकरण नंतर आले.

स्वस्ताईचा दुसरा चेहरा

नव्या साधनाने जुना रोग बरा होतोच असे नाही, कधीकधी तो बळावतो. शासकीय निविदेत सर्वांत कमी दराला काम मिळते आणि कमी दरात काम करणारा एका महाविद्यालयाचा अहवाल नाव बदलून दुसऱ्याला देतो, ही कुजबुज या क्षेत्रात नवी नाही. ज्याच्या हाती टॅबलेट आला त्याला हेच काम अधिक झटपट आणि अधिक रंगीत आलेखांसह करता येईल! यावर उपाय त्याच उपकरणात आहे, पण मागितला तरच मिळेल. प्रत्येक नोंदीला वेळ, स्थान आणि छायाचित्र असते. करारातच असे लिहून घ्यावे की, अहवालाबरोबर मूळ नोंदीही संस्थेच्या स्वाधीन केल्या जातील. मग कोषाध्यक्षाला तिसऱ्या मजल्यावरील पंखा क्रमांक चार उघडून पाहता येईल. शंभर खोल्यांची पाहणी चाळीस मिनिटांत झाल्याचे दिसले, तर पुढे विचारायला नको.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पडदा मोजतो, विचार करीत नाही. वर्गात दिवसा दिवे का लावावे लागतात? खिडकीपुढे कपाट ठेवले आहे म्हणून, की समोरच्या इमारतीची सावली पडते म्हणून? पंप मोठा का? ठेकेदाराकडे तोच शिल्लक होता म्हणून. ही उत्तरे अनुभवी डोळाच देतो. ब्युरोची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परीक्षकाला कारकुनीतून सोडवून हा डोळा वापरायला मोकळे करावे, हाच प्रणालीचा हेतू असायला हवा. पाहणीचे काम आयटीआय वा पदविका झालेले तरुण करतील, निष्कर्ष परीक्षक काढील. एका परीक्षकाच्या देखरेखीखाली अशा तीन-चार जोड्या निरनिराळ्या इमारतींत काम करू शकतात आणि शाळेला परवडणारे शुल्क येथूनच निघते.

हा विषय स्वयंसेवी क्षेत्राच्या दारात येऊन थांबतो. संघविचाराने चालणाऱ्या संस्थांचाच विचार केला तरी शाळा, वसतिगृहे, रुग्णालये, रक्तपेढ्या, कार्यालये यांचा विस्तार मोठा आहे आणि त्यांचे वीज बिल समाजाच्या देणगीतून भरले जाते. गुरुदक्षिणेचा आणि निधीचा पै-पैचा हिशेब ठेवणारी ही परंपरा विजेच्या बाबतीत मात्र आलेले बिल भरून मोकळी होते, हे थोडे आश्चर्याचे आहे. शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आहे, स्वदेशी आहे, नागरिक कर्तव्यही आहे. पर्यावरणाच्या कामात पाणी, झाडे आणि प्लॅस्टिक हे तीन विषय कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडले आहेत. वीज हा चौथा विषय व्हायला हरकत कोणती? देशाच्या विद्युत जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर हिशेब मांडलेल्या त्या वसतिगृहाचे पंखे बदलले तर वर्षाला वीस टन वाचतो. वृक्षारोपणाचे महत्त्व त्याने कमी होत नाही, पण येथे खड्डा खणावा लागत नाही आणि उन्हाळ्यात टँकरही लागत नाही.

प्रारंभ लहान असावा. एखाद्या जिल्ह्यात दहा संस्थांनी एकत्र येऊन एका प्रमाणित परीक्षकाशी करार करावा, दहा टॅबलेट सामाईक घ्यावेत, जवळच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुटीत पाहणीचे प्रशिक्षण द्यावे. त्यांना मानधन द्यावे, फुकट राबवू नये. राज्यात कायद्याने नेमलेली 'महाऊर्जा' ही संस्था आहे. तिच्या योजनांची चौकशी करावी, आधी अर्ज करून मगच खर्च करावा. दहाही इमारतींचा प्रति चौरस मीटर वार्षिक वापर एका तक्त्यात मांडला की, कोणती इमारत आजारी आहे हे परीक्षकाआधी विश्वस्तांनाच दिसू लागेल. तुलना करताना शाळेशी शाळा आणि रुग्णालयाशी रुग्णालय ताडावे, नाहीतर रात्रंदिवस चालणारे रुग्णालय विनाकारण दोषी ठरेल.

बदल झाल्यावर बारा महिन्यांनी त्याच टॅबलेटवर तीच यादी पुन्हा उघडावी आणि नवी बिले तिच्याशेजारी ठेवावीत. वाचलेली रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात विरघळू न देता वेगळ्या शीर्षाखाली नोंदवावी आणि पुढच्या इमारतीचे पंखे त्यातून घ्यावेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षकाच्या अहवालाबरोबर हा एक पानी तक्ताही सदस्यांपुढे ठेवला, तर त्यावर प्रश्न विचारणारे चार-दोन निवृत्त अभियंते प्रत्येक गावात असतातच.